ओवशाचं सूप आणि पोटावरची पिशवी

मी परकराची नाडी कुठे बांधते हे मला कुणीही विचारलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टर आला, त्याने मला उताणं झोपवलं, बेंबीच्या डावीकडे शाईचा एक ठिपका काढला आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, पेशंट पट्टा वगैरे वापरते का. नवरा म्हणाला, नाही. खरंच होतं ते. पट्टा नाही वापरत बायका. पण आयुष्यभर एकाच जागी नाडी करकचून बांधून माझ्या कमरेला काळी रेघ पडली होती, ती त्याला दिसली नसेल असं मी मरेपर्यंत मानणार नाही. दिसली, पण तिचा अर्थ लावायची गरज वाटली नाही. त्याच्या घरी साडी नेसणारी आई नसेल का? माझ्या पोटाला नवीन तोंड फुटणार होतं आणि ते कुठे फुटावं याची चौकशी नवऱ्याच्या पॅन्टच्या हिशोबाने झाली.

घरी आल्यावर पहिल्यांदा साडी नेसायला घेतली तेव्हा कळलं, ठिपका बरोब्बर नाडीच्या रेघेवर होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगते, कारण पुन्हा पुन्हा सांगून मला वीट आलाय. मला गुदाशयाचा कॅन्सर होता. तो भाग कापून काढला, खालची वाट कायमची शिवून टाकली आणि आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलं. ते लाल असतं, ओलं असतं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. त्याला हात लावला तर दुखत नाही, पण त्याला कडीकुलूपही नाही. शौच यायची तेव्हा येते, हवा सुटायची तेव्हा सुटते. म्हणून त्याच्याभोवती एक चिकट चकती लावायची आणि चकतीवर पिशवी. भरली की रिकामी करायची, धुवायची, चिमटा लावायचा. चार-सहा दिवसांनी चकती बदलायची. घामाचे दिवस असले तर त्याच्याही आधी. झालं. एवढंच आहे ते. बाकी सगळ्या जगाचं संडासात दार लावून चालतं, माझं साडीच्या आत चालतं.

शिकले मी सगळं. चकतीचं भोक मोठं कापलं की कातडी सोलवटते, लहान कापलं की काचते, हे रडून शिकले. गवार, वाल, मुळा खाल्ला की पिशवी फुग्यासारखी फुगते, हे एका बारशात शिकले. परकराला नाडीऐवजी वीतभर रुंद इलॅस्टिकची पट्टी शिवून घेतली आणि तो थेट छातीखाली चढवायला लागले, कारण मला गाऊनवर म्हातारपण काढायचं नव्हतं. आवाज येणार असं वाटलं की तळहात पोटावर सपाट दाबून धरायचा, मग निम्मा आवाज आतल्या आत जिरतो. लोकांना वाटतं बाईचं पोट दुखतंय. वाटू दे.

सुरुवातीचे महिने चकत्या नवऱ्यानेच कापून दिल्या. खोटं कशाला बोलू. हॉस्पिटलमधल्या सिस्टरने त्याला शिकवलं होतं, आणि तो मान खाली घालून, जिभेचं टोक दातात धरून, बाकदार कात्रीने गोल कापायचा. एकदा भर दुपारी पिशवी सुटली, गादी, चादर, माझे हातपाय सगळं माखलं, तेव्हा त्याने एक शब्द न बोलता मला न्हाणीघरात नेऊन अंघोळ घातली. दाराआड माझा नवरा सोन्यासारखा माणूस आहे. दार उघडलं आणि चार माणसं समोर आली की त्याची दातखीळ बसते. हे मला लग्न झालं तेव्हापासून माहीत होतं. पण तोपर्यंत त्याच्या दातखिळीने माझं एवढं अडलं नव्हतं.

लोकांचं सांगते. लोक आधी नाकाने वास घेतात, मग तोंडाने चौकशी करतात. शेजारीण आली की दारातच तिच्या नाकपुड्या हलतात. मी बघते त्या नाकपुड्यांकडे, तिला वाटतं मी तिची चमकी बघतेय. एका मॉलमध्ये मला तातडीने पिशवी रिकामी करायची होती, साध्या संडासात वाकायला जागा नव्हती, म्हणून अपंगांसाठीच्या मोठ्या संडासाची किल्ली मागितली. तिथला माणूस मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "आप तो अच्छी-भली हो." आता काय पदर बाजूला करून दाखवायला हवं होतं का? किल्ली शेवटी मिळाली, पण तोवर मिळून उपयोग नव्हता. आणि नातेवाईक! "वाचलीस ना, मग झालं तर." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते म्हणणाऱ्याला एक ठेवून द्यावी असं वाटतं. वाचले म्हणजे काय मी तुमच्याकडे उपकार मागायला आलेय का? वाचले ते जगायलाच ना?

आणि जगायचं म्हणजे मला काय हवं होतं ते सांगते. हॉस्पिटलात, किमोच्या खुर्चीत बसून, मी एकाच गोष्टीचा विचार करायचे. मुलाचं लग्न व्हावं, गौर यावी, आणि माझ्या सुनेने ओवशाचं पहिलं सूप माझ्या हातात द्यावं. हसू नका. माणूस अशा वेळी मोक्षबिक्ष मागत नाही.

आमच्या कोकणात गौर येते तेव्हा नव्या सुनेचा ओवसा असतो. बांबूच्या सुपांत पाच तऱ्हेची फळं, भाज्या, खोबरं, खारीक, पानसुपारी मांडायची, सुती दोरा गुंडाळायचा. सुनेने पदराखाली सूप धरून गौरीपुढे ओवाळायचं, आणि मग ते घरातल्या मोठ्यांना द्यायचं. पहिलं सूप सासूचं. ते सूप सासूने दोन्ही हातांनी घेतलं की सून त्या घरची झाली. लग्नात काय, हॉलवाला घाई करतो, भटजी घाई करतो, कोण कुणाचं झालं ते कळतही नाही. आमच्यात खरं घरात घेणं ते ओवशाला. माझ्या सासूने माझं सूप घेतलं होतं, आणि त्या दिवसापासून मेली तोपर्यंत तिने मला कुणापुढे कमी पडू दिलं नाही. तिच्यानंतर गणपती आमच्या चारकोपच्या घरी आला, कारण आमचं बैठं घर, पुढे ओटा, मागे नळाची जागा. थोरले दीर आणि जाऊबाई बोरीवलीला चौथ्या मजल्यावर राहतात. तिथे तीस-चाळीस माणसं मावत नाहीत.

मुलाचं लग्न मे महिन्यात झालं. सून घाटकोपरची, माहेर मूळचं साताऱ्याकडचं, त्यांच्यात ओवसा नाही. मी तिच्या आईला फोनवरून एकेक वस्तू सांगितली, आणि त्या माऊलीने सुपं शोधायला निम्मी मुंबई पालथी घातली. गौर यंदा पूर्वा नक्षत्रात येत होती. नव्या सुनेचा ओवसा पूर्वा गौरीलाच करतात. हुकली तर पुढची पूर्वा गौर येईपर्यंत थांबायचं, तिला किती वर्षं लागतील ते कुणी सांगावं. आणि माझ्यासारखीने "पुढच्या वेळी" हा शब्द वापरायचा नसतो.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊबाई आल्या. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, मानाने तर फारच मोठ्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. मी आतल्या खोलीत चकती बदलत होते. त्या कामाला अर्धा तास लागतो आणि मधे उठता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्ध्या तासात माझ्या घरात, माझ्या ओट्याला टेकून, माझा निकाल लागला.

नवरा आत आला, दार लोटलं आणि खिडकीकडे बघत बोलायला लागला. वहिनी म्हणतायत, यंदा सूप त्या घेतील. थोरली सासूच लागतात ना त्या. तुला त्रास नको. शिवाय देवाचं आहे, आणि तुझं हे असं सारखं चालू असतं, म्हणजे त्यांच्या डोक्यात आपलं पाळीसारखं. एक वर्ष बाजूला बसलीस तर काय बिघडतं.

माझ्या हातात अर्धी चिकटलेली चकती होती. तिच्या कडा दाबून धरायच्या असतात, नाहीतर गळते. म्हणून मी ओरडलेही नाही. मी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं कसलं म्हणणं? मला कशाला मधे घालतेस?"

तुम्हाला मधे घालू नको तर कुणाला घालू? हे पोट जिच्याशी तुम्ही लग्न केलं तिचं आहे. पण हे मी मनात म्हटलं. तोंडाने एवढंच म्हटलं की पहिला ओवसा एकदाच असतो, त्याला एक वर्ष म्हणत नाहीत. तो म्हणाला, बघू, आणि निघून गेला. त्याच्या बघू म्हणण्यात आजवर कुणाला काही दिसलेलं नाही.

मग मी स्वतःच गेले. जाऊबाई खोबरं किसत होत्या. मी म्हटलं, वहिनी, माझी पाळी जाऊन जमाना झाला. त्या किसणी न थांबवता म्हणाल्या, "तुका दुखवूचा म्हणून सांगत नाय गो. पण देवाचा काम असा. पोटार घाण बांधून गौरीफुडे कशी उभी रवतलंस?"

मला सांगा, घाण मी बांधलीय आणि तुम्ही काय चाफ्याची फुलं घेऊन फिरता? तेच सगळं, त्याच आतड्यात, प्रत्येकाच्या पोटात असतं. आरती म्हणणाऱ्याच्या असतं, तबक धरणारीच्या असतं. माझं फक्त आतून बाहेर आलंय आणि तेही पिशवीत बंद आहे, धुतलेलं आहे, तुमच्यापेक्षा दहापट स्वच्छ आहे. आणि विटाळाचे नियम कुणी केले? आज्या-पणज्यांनी. आज्या-पणज्यांच्या वेळी या पिशव्या होत्या का? पोटाला असं झालं की बाई मरायची. मग हा नियम आला कुठून? तो आज दुपारी माझ्या स्वयंपाकघरात जन्माला आला. कुठल्या पोथीत नाही, भटजीला विचारलेला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

हे मी बोलले, बरंचसं बोलले. जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खोबऱ्याची दुसरी कवड घेतली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. समोरचा भांडला तर निदान आपण माणूस तरी ठरतो.

संध्याकाळी सून माझ्याजवळ आली. तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. म्हणाली, आई, मी काय करू. नवी पोर, घर भरून माणसं, तिच्या गळ्यात हे लोढणं कशाला घालायचं? मी म्हटलं, तुला सांगितलंय तसं कर, माझं मी बघते. बघणार काय होते ते मलाही माहीत नव्हतं. मुलाला मी काही सांगितलं नाही. तो भडकला असता, आणि मग सगळं खापर सुनेच्या पायगुणावर फुटलं असतं.

आता आमच्या गौरीची एक गंमत सांगते. आमच्याकडे गौर तिखटा नैवेद्य खाते. मटण, वडे आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे. बाप्पा शेजारी बसलेले असतात, ते शाकाहारी, म्हणून नैवेद्य दाखवताना त्यांच्या आणि गौरीच्या मधे पडदा धरतात, की लेकाला आई काय खातेय ते दिसू नये. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते हसतात, पण आमची माणसं हा पडदा अगदी गंभीर चेहऱ्याने धरतात. आणि कुर्ल्यांशिवाय आमच्या घरात गौर झालीच नाही असं मानतात. थोरले दीर तर वर्षभर त्या रश्शाची वाट बघतात.

कुर्ल्या साफ करायचं काम नको असतं सगळ्यांना. जिवंत असतात, नांग्या मारतात, हात कापतात, कपड्यांना वास लागतो. जाऊबाईंना एकदा अंगठ्याला नांगी लागली तेव्हापासून त्या कुर्लीच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत. नव्या मुलींना येत नाही. आमच्या घरात ते मला येतं. पूजेच्या दिवशी सकाळी जाऊबाई मला म्हणाल्या, तू आत नको येऊस, त्यापेक्षा मागे नळाजवळ बसून कुर्ल्या साफ कर, तेवढाच कामाला हातभार.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. आत ओवशाची सुपं मांडायची होती, ती स्वच्छ कामं. मागची कामं घाण, ती घाण बाईला. इतका साधा हिशोब होता त्यांचा, आणि तो इतका साधा होता म्हणूनच त्यात त्या घसरल्या.

मी नळाजवळ बसले. मला जमिनीवर फार वेळ बसवत नाही, शिवलेली जागा ठणकते, म्हणून खाली उशी घेतली. एकेक कुर्ली मागून धरली, नांग्या मोडल्या, कवच उघडलं, आतलं घासलं. माझ्या हातात त्या दिवशी फार जोर होता. प्रत्येक नांगी मोडताना मला कोण कोण आठवत होतं ते लिहीत नाही. लहान पाय मी पाट्यावर ठेचले, पाण्यात पिळून त्याचं पाणी गाळून दिलं, कारण सगळी चव त्या पाण्यात असते. पातेलं मीच उचलून स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं. जाऊबाईंनी ते आत घेतलं, वाटण परतलं, आणि घरभर वास सुटला. बोरीवलीची, कांदिवलीची भावकी आली होती, ओट्यावर चपला मावत नव्हत्या. मी हात धुतले, पिशवी रिकामी केली, अंघोळ केली, हिरवी साडी नेसले. छातीखालच्या परकरावर निऱ्या बसवायला माझी मीच एक युक्ती काढलीय, ती मला आता झोपेतसुद्धा जमते. मला कुणी नेस म्हटलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा केळीच्या पानावर नैवेद्य वाढून झाला होता. पडदा धरला होता, दाखवून झाला, पडदा सोडला. मग सून उभी राहिली. नऊवारी, नथ, आणि पदराखाली सूप. गौरीपुढे तिने ओवाळलं, चुकली नाही. बायकांनी कौतुकाने एकमेकींकडे बघितलं. आणि जाऊबाई पाटावर येऊन उभ्या राहिल्या. माझ्या पाटावर. मी आदल्या रात्री पुसून ठेवलेल्या.

नवरा भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. अगदी सरळ, टक लावून बघितलं. तो मखराच्या लायटिंगकडे बघायला लागला.

मी पुढे झाले. आवाज चढवला नाही. "वहिनी, सूप घ्यायच्या आधी एक सांगते. आता गौरीच्या पानात ज्या कुर्ल्या वाढल्यात त्या सगळ्या मी साफ केल्यात. तुम्हीच दिल्यात मला. एकेक माझ्या हाताने उघडलीय, आणि पिशवी तेव्हाही माझ्या पोटावरच होती. माझा विटाळ असेल तर नैवेद्य बाटला. ते पान उचला, रस्सा ओतून द्या, आणि मग सूप घ्या. आणि विटाळ नसेल तर पाटावरून उतरा."

जाऊबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. साफ करायला दिल्या तेव्हा त्या कुर्ल्या त्यांना मोरीतल्या वाटल्या होत्या, पानात वाढताना देवीच्या. मधे कुठे त्यांचं सोवळं सुरू झालं हे त्यांचं त्यांना सांगता येईना. आणि आत चुलीवर एवढं मोठं पातेलं, बाहेर एवढी भुकेली माणसं.

थोरल्या दिरांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं. "आता त्या कुर्ल्यांचा काय करूचा?" असं ते खरोखरच म्हणाले. आणि त्यांनीच हात झटकला. "घेवंदे गो तिका सूप. देवी काय खावची नाय आमका."

एक-दोघांनी मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, हो हो, आजारपण ते, त्यात काय एवढं. दोन दिवस हे शहाणपण कुठे दडलं होतं? मी हात जोडून सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं, रडून सांगितलं असतं तर पाणी आणून दिलं असतं. पटलं ते पातेल्यामुळे. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. माझ्या घरच्या हरीला रस्सा हवा होता.

जाऊबाई पाटावरून उतरल्या. मी चढले. सून समोर आली, तिने सूप पुढे केलं आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं. जड होतं. तिच्या आईने काही कमी ठेवलं नव्हतं. सून वाकली, आणि नेमकी तेव्हाच पिशवीत हवा सुटली. मोठ्याने. लांबलचक. दोन्ही हातांत सूप, दाबायला हात मोकळा नाही. सगळ्या घराने ऐकलं. माझ्या पोटात इतकी आग होती की लाज वाटायला जागाच उरली नव्हती. मी सूप धरून ताठ उभी राहिले. सून वाकलेली तशीच राहिली, माझ्या पायांवरचे हात तिने काढले नाहीत, उलट जरा घट्ट धरले. सुखी राहा, म्हटलं मी. माझा आवाज फुटला तो तेवढ्याच ठिकाणी.

मला वाटलं होतं, सूप हातात आलं की राग जाईल. तेवढ्यासाठीच तर जगले होते. सूप हातात आलं, जड लागलं, आनंद झाला, खोटं बोलणार नाही. पण राग जागचा हलला नाही, आणि मला कळलं की तो जाऊबाईंवरचा नव्हताच. त्या बिचाऱ्या जे मानतात ते तोंडावर बोलल्या. चुकीचं मानलं, पण माझ्या तोंडावर.

पंगती बसल्या. पुरुषांची पंगत उठली, बायकांची उठली, आणि शेवटी घरचे राहिलो. नवरा माझ्यासाठी थांबला होता. माझ्या शेजारी बसला. सूनच वाढायला आली, आणि कुर्ल्यांच्या रश्शाचं भांडं माझ्यापुढे ठेवून आत गेली. त्याने वडा मोडला, रश्शात बुडवला, चवीने खाल्ला. चेहऱ्यावर सगळं निभावल्याचं समाधान होतं, जणू त्यानेच निभावलं. म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

मी म्हटलं, "माझ्या मनात तुम्ही बोलायचं होतं."

त्याने वडा संपवला. वाटीतला रस्सा संपवला. मी वाट बघितली. आता भोवती कुणी नव्हतं, पोरं ओट्यावर होती, जाऊबाई आत लवंडल्या होत्या. आता तरी बोलेल. चुकलं म्हणेल, भीती वाटली म्हणेल, काहीही म्हणेल. दाराआड तर बोलता ना तुम्ही, मग बोला.

त्याने रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.

भांडं माझ्या हाताशी होतं. मी म्हटलं, "वहिनींना उठवा. त्या वाढतील."